मोडल्यावर या!

२२ जानेवारी २००१ ही तारीख घातलेलं एक पत्र अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसनच्या हजारो मालकांना टपालानं आलं. पाठवणारी खुद्द कंपनी. मजकूर गोडीगुलाबीचा होता. ट्विन कॅम ८८ इंजिनांपैकी अगदी थोड्यांमध्ये मागच्या कॅमचं बेअरिंग निकामी झाल्याचं आढळलं आहे. तुमच्यावर तशी वेळ येण्याची शक्यता कमीच. तरीही तुमच्या समाधानासाठी या बेअरिंगची वॉरंटी एक वर्षावरून पाच वर्षं किंवा ५० हजार मैलांपर्यंत वाढवत आहोत. ५० हजार मैल म्हणजे सुमारे ८० हजार किलोमीटर. वरवर पाहता तक्रारीला जागाच नव्हती. पण पत्र दोनदा वाचणाऱ्यांना एक प्रश्न पडला. दोष कुठल्या भागात आहे हे कंपनीला ठाऊक आहे, कुठल्या वर्षांच्या गाड्यांत आहे हेही ठाऊक आहे, मग तो भाग आत्ताच बदलून का देत नाही?

या प्रश्नाच्या पाठपुराव्यात पुढची सहा वर्षं गेली, आणि विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी दोनदा चढावी लागली.

हार्लेचा मालक म्हणजे साधा गिऱ्हाईक नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. १९६९मध्ये ही कंपनी एएमएफ नावाच्या उद्योगसमूहाकडे गेली आणि पुढच्या दशकात तिच्या गाड्यांची पुरती शोभा झाली. तेल इतकं गळायचं की शोरूममध्ये उभ्या केलेल्या नव्या गाडीखालीही पुठ्ठा ठेवावा लागतो, असं लोक सांगत. १९८१मध्ये व्हॉन बील्स यांच्यासह तेरा अधिकाऱ्यांनी कर्ज काढून कंपनी विकत घेतली. संस्थापकांपैकी एकाचे नातू विली जी. डेव्हिडसनही त्यांत होते. १९८३मध्ये रेगन सरकारनं ७०० सीसीवरच्या परदेशी मोटारसायकलींवर जबर आयातशुल्क बसवलं, तेव्हा कुठे हार्लेला दम घ्यायला उसंत मिळाली. मग १९८४चं इव्होल्यूशन इंजिन आलं, गळती थांबली. १९८७मध्ये तर 'आता आम्हाला संरक्षण नको' असं कंपनीनं स्वतःहून सांगितलं.

या सगळ्या पडझडीच्या काळात ज्यांनी साथ सोडली नाही ते लोक म्हणजे हार्लेचे मालक. कंपनीचं बोधचिन्ह दंडावर गोंदवून घेणारे. मालकांची संघटना १९८३मध्ये कंपनीनंच काढली आणि तिचे सभासद लाखांवर गेले. १९९०च्या दशकात नव्या गाडीसाठी महिनोन्‌महिने नंबर लावून बसावं लागे आणि काही डीलर छापील किमतीवर वरकड पैसे घेत. असा माणूस स्वतःच्याच कंपनीवर फिर्याद करतो, तेव्हा त्यात पैशापलीकडचंही काही दुखावलेलं असतं.

१९९९च्या मॉडेलसाठी कंपनीनं नवं इंजिन आणलं. ८८ घन इंच, म्हणजे सुमारे १४५० सीसी. इंजिनाच्या झडपा ठरल्या क्षणी उघडायच्या-मिटायच्या हे काम कॅमशाफ्टचं. जुन्या इव्होल्यूशनमध्ये एकच कॅमशाफ्ट होता आणि तो गिअरवर फिरे. नव्यात दोन आले, म्हणून नाव ट्विन कॅम, आणि फिरवायला गिअरऐवजी साखळ्या. क्रँकवरून येणारी बाहेरची साखळी मागचा कॅम फिरवते. मागच्या कॅमवरून निघालेली आतली साखळी पुढचा कॅम फिरवते. म्हणजे मागच्या कॅमवर दुहेरी बोजा. स्वतःचं काम करायचं आणि भावाचंही ओढायचं. १९९९ आणि २०००च्या सुरुवातीच्या गाड्यांत या मागच्या कॅमला बॉल बेअरिंग बसवलेलं होतं. गोळ्यांचं बेअरिंग वर्तुळाला एका बिंदूत टेकतं, रोलरचं एका रेषेत. ताण जास्त असेल तिथे रोलर टिकतो, हे कुठलाही जुना मेकॅनिक सांगेल. कंपनीच्याही ते ध्यानात आलं आणि २०००च्या मॉडेलचं उत्पादन चालू असतानाच रोलर बेअरिंग बसू लागलं. पण तोवर जुन्या बेअरिंगच्या सुमारे १ लाख ४० हजार गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

बेअरिंग फुटलं की कॅमशाफ्ट जागचा हलतो. धातूचा चुरा तेलात मिसळतो आणि तेच तेल साऱ्या इंजिनात फिरतं. तोवर चालकाला फार काही कळत नाही. एखादा वेगळा आवाज, तोही हार्लेच्या मूळच्याच धडधडाटात ऐकू आला तर.

आणखी एक गोष्ट मालकांना झोंबली. कंपनीनं हे बेअरिंग बदलण्याचा एक संच तयार करून डीलरांकडे ठेवला होता, किंमत ४९५ डॉलर. मोडायच्या आधी बदलून हवं असेल तर पदरचे पैसे टाका. फुकट हवं असेल तर मोडेपर्यंत वाट बघा, आणि तेही पाच वर्षांच्या आत मोडलं तर. पत्राचा अर्थ मालकांनी असा लावला आणि तो फारसा चुकीचा होता असं म्हणता येत नाही.

२८ जून २००१ रोजी कॅलिफोर्नियातल्या एका मालकानं मिलवॉकीच्या न्यायालयात दावा लावला. मिलवॉकी म्हणजे हार्लेचं माहेर. कंपनीचं मुख्यालय तिथेच. दावा एकट्याचा नव्हता. अशा सगळ्या मालकांच्या वतीनं तो सामूहिक दावा म्हणून चालवावा अशी मागणी होती. सप्टेंबरात दुरुस्त फिर्याद दाखल झाली तेव्हा आणखी चार मालक त्याच्यासोबत उभे राहिले. त्यात दावे दोन होते. एक, दोष ठाऊक असूनही लपवला, म्हणजे फसवणूक. दोन, विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार दिशाभूल करणारी जाहिरात.

आता नीट पाहा. यांतल्या एकाही फिर्यादीनं 'माझं इंजिन फुटलं' असं म्हटलेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. दोष आहे हे आधी सांगितलं असतं तर आम्ही इतकी किंमत मोजली नसती. आज गाडी विकायला काढली तर त्या पत्रामुळे पैसे कमी येतील. म्हणजे नुकसान खरेदीच्या दिवशीच झालं. भाजीवालीनं पाटीत वर ताजी वांगी रचून खाली किडकी घातली तर कीड ताटात येईपर्यंत फसवणूक झाली नाही असं कुणी म्हणत नाही. पण न्यायालयाचा तराजू मंडईतल्या तराजूसारखा नसतो.

वॉरंटीचा दावा त्यांनी का लावला नाही? कारण तिथे अडचण उघड होती. भाग मोडलेला हवा आणि कंपनीनं दुरुस्तीला नकार दिलेला हवा. इथे तर कंपनी म्हणत होती, मोडल्यावर या, देऊ की बदलून.

मग सुरक्षेच्या कायद्याकडे का नाही जायचं? अमेरिकेत १९६६पासून वाहनसुरक्षेचा कायदा आहे, त्याखाली केंद्रीय वाहतूक-सुरक्षा संस्था, एनएचटीएसए, उत्पादकाला गाड्या परत बोलवायला भाग पाडू शकते. आणि तो काळही तापलेला होता. ऑगस्ट २०००मध्ये फायरस्टोननं फोर्ड एक्स्प्लोररसारख्या गाड्यांवरचे टायर परत बोलावले. चालत्या गाडीत टायरचं वरचं कवच सुटून येत होतं आणि गाड्या उलटून माणसं मरत होती. त्या गदारोळातून नोव्हेंबर २०००मध्ये नवा कायदा झाला आणि उत्पादकांवर बिघाडाच्या तक्रारी सरकारला आगाऊ कळवण्याची सक्ती आली. हार्लेचं पत्र त्यानंतर तीन महिन्यांच्या आत निघालं. पण या कायद्यांचा सगळा रोख जिवाच्या धोक्यावर आहे. टायर फाटला तर माणूस मरतो. बेअरिंग फुटलं तर बहुतेक वेळा गाडी बंद पडते आणि खिशाला मोठी चाट बसते. मालकांनी फिर्यादीत धोक्याचा उल्लेख केला होता, पण गाऱ्हाणं मुळात पैशाचं होतं.

खालच्या न्यायालयानं दावा फेटाळला. पुरावे, साक्षी, कंपनीची अंतर्गत कागदपत्रं, यांतलं काहीच पुढे आलं नाही. फिर्यादीत लिहिलंय ते सगळं खरं धरलं तरी कायद्यात बसत नाही, एवढंच ठरलं. २००३मध्ये अपील न्यायालयानं हा निकाल फिरवला. दोषामुळे किंमत घटली हेही नुकसानच, खटला चालू द्या, असं त्याचं मत पडलं. मालकांना हुरूप आला.

त्याच २००३च्या ऑगस्टअखेर हार्लेची शंभरी मिलवॉकीत साजरी झाली. देशाच्या चारही दिशांनी निघालेले मोटारसायकलींचे ताफे शहरात उतरले. शेवटच्या रात्रीचा मोठा कलाकार कोण हे कंपनीनं गुलदस्त्यात ठेवलं होतं आणि मंचावर आले एल्टन जॉन. रॉक बँडची वाट पाहत असलेल्या चामडी जाकिटवाल्यांपैकी अनेकांनी नाकं मुरडली. त्या वर्षी कंपनीनं २ लाख ९० हजारांवर गाड्या बाजारात पाठवल्या. १९९९मध्ये हाच आकडा पावणेदोन लाखांच्या आसपास होता. म्हणजे बेअरिंगच्या बोभाट्यानं विक्रीचा एक टवकाही उडाला नव्हता. भक्तांचं प्रेम आटलं नव्हतं, आणि खटला लढवणारेही त्याच भक्तांपैकी होते.

२६ मार्च २००४ रोजी विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती डायान साइक्स यांचं. त्याच वर्षी पुढे त्या केंद्रीय अपील न्यायालयात गेल्या. निकालानं मालकांच्या दोन्ही दाव्यांची वाट बंद केली.

पहिला मुद्दा नुकसानीचा. तुमच्या गाडीत बिघडण्याची 'प्रवृत्ती' आहे, असं तुम्ही म्हणता. ती बिघडली आहे असं म्हणत नाही. नुसत्या शक्यतेपोटी घटलेली किंमत हे कायद्याच्या नजरेत नुकसान नव्हे. ते अंदाजपंचे आहे. गाडी कदाचित आयुष्यभर नीट चालेल, मग भरपाई कशाची? टायरांच्या प्रकरणात २००२मध्ये न्यायमूर्ती फ्रँक ईस्टरब्रुक यांनी असंच म्हटलं होतं. ज्यांचे टायर फाटले नाहीत त्यांचा देशव्यापी सामूहिक दावा त्यांनी मान्य केला नव्हता.

दुसरा मुद्दा कायद्याच्या कप्प्यांचा. विकत घेतलेली वस्तू स्वतःच बिघडली, दुसऱ्या कुणाला इजा नाही, दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान नाही, तर तो प्रश्न खरेदीच्या कराराचा आणि वॉरंटीचा; त्यासाठी फसवणुकीची फिर्याद चालणार नाही. वस्तूच्या दर्जाबद्दल खोटं बोललं वा गप्प राहिलं गेलं असेल, तरी दर्जा हाच कराराचा विषय असल्यामुळे ते भांडण करारातच मिटवा. असा तो 'आर्थिक नुकसानी'चा नियम.

उरला जाहिरातीचा मुद्दा. कंपनीनं इंजिनाला अप्रतिम कलाकृती म्हटलं होतं, त्यात ताकद काठोकाठ भरली आहे आणि ते तुम्हाला गडगडाट करत रस्त्यावरून नेईल, अशी वर्णनं केली होती. न्यायालयाच्या मते ही विक्रेत्याची नेहमीची भलामण. तिला खरं-खोटं असं मापच लावता येत नाही. आणि दोषाबद्दल गप्प बसणं? कायद्याला विधान लागतं. मौन म्हणजे विधान नव्हे.

कायद्याच्या तर्काला धरून पाहिलं तर निकालात फट सापडणं अवघड आहे. पण गॅरेजमधून पाहिलं तर त्याचा अर्थ विचित्र निघतो. ज्याचं बेअरिंग मोडलं त्याला वॉरंटीत नवं मिळालं, म्हणून त्याची तक्रार संपली. ज्याचं मोडलं नाही त्याचं नुकसानच झालं नाही, म्हणून त्याची तक्रार सुरूच होत नाही. ज्याचं पाच वर्षांनी किंवा ५० हजार मैलांनंतर मोडेल, त्याची वॉरंटी संपलेली. १ लाख ४० हजार गाड्यांपैकी एकीचाही मालक कंपनीला 'तुम्हाला हे केव्हा कळलं?' एवढ्या प्रश्नाचं उत्तर शपथेवर मागू शकला नाही. माझ्या मते खरी हार तीच होती. भरपाई न मिळणं एक वेळ समजू शकतं. पण एखादा भाग कारखान्यात बदलला गेला तो दिवस आणि ग्राहकाला पत्र गेलं तो दिवस, या दोहोंच्या मधल्या महिन्यांत कंपनीत काय चर्चा झाली ते कागद कधीच न्यायालयात आले नाहीत.

एक कवडसा मात्र उरला होता. तुमच्यासाठी वॉरंटी आणि कराराचे उपाय आहेत, असं त्याच निकालपत्रात म्हटलं होतं. मालकांचे वकील तेच धरून पुन्हा खालच्या न्यायालयात गेले. बरं, आता कराराचा दावा लावतो, खटला पुन्हा उघडा. खालच्या न्यायालयानं हात वर केले. अपील न्यायालय २००६मध्ये मालकांच्या बाजूनं झुकलं. आणि २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आम्ही तो खटला संपवला होता, परत पाठवला नव्हता. संपलेला खटला खालच्या न्यायालयाला उघडता येत नाही. योग्य दार कुठलं ते सांगितलं, आणि तिथे पोचेपर्यंत त्याला कुलूप लागलं होतं.

२००७ हे वर्ष हार्लेच्या बाबतीत आपल्याकडेही गाजलं, ते मात्र आंब्यापायी. त्या एप्रिलमध्ये भारतानं हार्लेसारख्या मोठ्या मोटारसायकलींच्या आयातीआड येणारे धूरनियम सैल केले आणि अमेरिकेनं भारतीय आंब्याला दार उघडलं. लासलगावच्या विकिरण केंद्रातून गेलेला हापूस अमेरिकेत उतरला. पुढे २०१०पासून मुंबईत हार्लेची शोरूम सुरू झाली, तेव्हा ट्विन कॅम इंजिनांच्या आतली रचना बरीच सुधारलेली होती.

ती सुधारणा कशी झाली ही स्वतंत्र कथा आहे. बेअरिंगचा खटला चालू असतानाच जुन्या ट्विन कॅमच्या मालकांना आणखी एक शोध लागत होता. कॅमच्या साखळ्या ताणून धरायला स्प्रिंगवर दाबलेले प्लॅस्टिकचे नारिंगी सपाते बसवले होते, त्यांना टेन्शनर म्हणतात. साखळी सतत घासून सपाता झिजे, त्याचे तुकडे पडत आणि तेलाच्या पंपात जाऊन बसत. अनुभवी मेकॅनिक सांगू लागले की २५-३० हजार मैलांना कॅमचं झाकण उघडून बघाच. ते झाकण म्हणजे मालकांच्या नशिबाची पत्रिका. काढलं की सपात्यावर खाचा आहेत की भगदाड ते दिसे. विस्कॉन्सिनमधल्याच व्हायोला गावची एस अँड एस सायकल ही सुट्या भागांची कंपनी यावर गिअरवर चालणाऱ्या कॅमचा संच विकू लागली, साखळीही नको आणि सपाताही नको. हार्लेनं २००६मध्ये डायना गाड्यांत आणि २००७पासून बाकीच्या मोठ्या गाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारे नवे टेन्शनर बसवले. कोणत्याही न्यायालयाचा आदेश त्यामागे नव्हता.

बाजाराचा धाक कधीकधी असा चालतो. १९८०च्या दशकात होंडाच्या व्हीएफ ७५० गाड्यांचे कॅम इतके झिजू लागले की इंग्लंडमध्ये त्यांना 'चॉकलेटचे कॅम' म्हणायचे. होंडानं १९८६च्या व्हीएफआरमध्ये कॅम गिअरवर फिरवले आणि गेलेली अब्रू परत मिळवली. पण त्यात आधीच्या गाडीच्या मालकाला काय मिळालं? पुढच्या गिऱ्हाइकाला चांगली गाडी मिळाली, एवढंच.

जीव जाण्याची भीती असली की चक्रं किती वेगळी फिरतात, हे हार्लेच्याच ब्रेकनी दाखवलं. २००८ ते २०११च्या एबीएस असलेल्या गाड्यांत ब्रेकचं लिव्हर दाबलं तरी काही होत नाही, अशा तक्रारी एनएचटीएसएकडे आल्या. किती? अवघ्या ४३. जुन्या ब्रेक ऑइलचे थर एबीएसच्या व्हॉल्व्हमध्ये साचत होते. ऑइल दर दोन वर्षांनी बदला असं पुस्तिकेत लिहिलं आहे, याकडे कंपनी बोट दाखवत होती. तरी २०१६मध्ये सुमारे ४ लाख ३० हजार गाड्यांची चौकशी लागली आणि २०१८च्या आरंभी कंपनीनं पावणेदोन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. कुणाला वकील लावावा लागला नाही.

भारतात २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानं कलम ११०अ आणलं. गाडीतल्या दोषामुळे चालकाला, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका असेल आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार केली तर केंद्र सरकार ती परत बोलवायला लावू शकतं. दुरुस्ती, बदली किंवा पूर्ण किंमत परत, असे उपाय त्यात आहेत. पण अट पुन्हा धोक्याचीच. त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाच्या जबाबदारीचं नवं प्रकरण आलं. त्यातली 'हानी'ची व्याख्या वाचली तर वस्तूचं स्वतःचं नुकसान आणि आर्थिक तोटा त्यातून चक्क वगळलेला दिसतो. मिलवॉकीत दावा लावणाऱ्या मालकांना ज्या नियमानं अडवलं, तोच इथे कलमात लिहिलेला आहे. सदोष वस्तूबद्दल जिल्हा आयोगाकडे तक्रार करून दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत मागण्याचा जुना रस्ता त्याच कायद्यात वेगळा उघडा आहे, ही त्यातल्या त्यात बरी बाजू. तिथेही सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात म्हटलं होतं की वॉरंटी भाग बदलण्यापुरती असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही.

ट्विन कॅमचं पर्व २०१७च्या मॉडेलबरोबर ओसरू लागलं. हार्लेनं मोठ्या गाड्यांसाठी मिलवॉकी-एट हे नवं इंजिन आणलं. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, आणि कॅमशाफ्ट पुन्हा एकच. १९९९-२०००च्या जुन्या गाड्या अजून हातोहात विकल्या जातात. जाहिरातीत रंग, मैल आणि सायलेन्सर यांच्या जोडीला विकणारा आवर्जून लिहितो की बेअरिंग बदललंय, टेन्शनर नवे आहेत, बिलं सोबत देतो. ती बिलं त्यानं स्वतःच्या खिशातून भरलेली असतात.